शुभारंभापूर्वी वगळलेली गाणी : ध्वनिमुद्रण-सूचीच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

सूचीची व्याप्ती आज नक्की केली. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, शुभारंभाचा प्रयोग होण्यापूर्वी ज्या म्युझिकलमधून (अमेरिकी संगीत नाटकातून) एखादे गाणे वगळले गेले आणि त्या गाण्याचे कुठल्या ना कुठल्या रूपातले ध्वनिमुद्रण आज ऐकता येते, अशाच गाण्यांची नोंद घ्यायची आहे. शुभारंभानंतर किंवा पुनरुज्जीवनाच्या वेळी गळालेली गाणी यात येणार नाहीत. सूची आमच्या श्रवणगटासाठी आहे, गटातले बहुतेक जण नाट्यसंगीताच्या वाटेने या संगीताकडे आलेले आहेत, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत मराठीत छोटे टिपण द्यायचे ठरले.

व्याप्ती अशी आखण्याचे कारण ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारातच आहे. जुन्या पद्धतीत नाटक आधी न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन किंवा डेट्रॉइट अशा शहरांत काही आठवडे खेळवले जाई. रात्री प्रयोग, दिवसा बदललेल्या प्रवेशांच्या तालमी, आणि मधल्या वेळात हॉटेलच्या खोलीत पियानो मागवून नवे गाणे लिहिणे, असा तो काळ असे. मूळ नटसंचाच्या आवाजातली रेकॉर्ड मात्र न्यूयॉर्कच्या शुभारंभानंतर, बहुधा लगेचच्या एखाद्या रविवारी, एका दिवसात उरकली जाई. ‘माय फेअर लेडी’चा पहिला प्रयोग ४ फेब्रुवारी १९५६ रोजी न्यू हेवनला झाला, ब्रॉडवेवरचा शुभारंभ १५ मार्चला, आणि ध्वनिमुद्रण २५ मार्चच्या रविवारी. या सहा-सात आठवड्यांत जे गळाले ते स्टुडिओच्या दारापर्यंत पोचलेच नाही. मूळ संचाच्या रेकॉर्डमध्ये ही गाणी शोधून उपयोग नाही. त्यांचा माग इतरत्रच काढावा लागतो.

१० जून २०२५

‘माय फेअर लेडी’ची नोंद पूर्ण केली. ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींत फुलवाली एलायझाची फजिती झाल्यावर तिला राजदूताच्या नृत्यसमारंभाला यायला तयार करण्यासाठी तिचा शिक्षक हिगिन्स ‘कम टू द बॉल’ म्हणत असे, आणि निघण्यापूर्वी एलायझा ‘से अ प्रेअर फॉर मी टुनाइट’ म्हणत असे. न्यू हेवनला पहिला अंक लांबला आणि हा सगळा टप्पा काढून त्या जागी एक छोटा गद्य प्रवेश बसवला गेला. आज ‘कम टू द बॉल’ ऐकताना काढण्याचा निर्णय पटतो. गाणे चांगले आहे, पण प्रेक्षकाला ते काहीच नवे सांगत नाही, कारण एलायझा समारंभाला जाणार हे त्याला आधीच ठाऊक असते. दुसऱ्या गाण्याची मात्र सोय लागली: गीतकार लर्नर आणि संगीतकार लो यांनी ते १९५८च्या ‘जीजी’ चित्रपटात वापरले आणि तिथे ते अगदी जागेवर बसले.

या एका नाटकाच्या नोंदीतच ‘दुसरीकडे वापर’ असा रकाना लागणार हे स्पष्ट झाले.

१९ जून २०२५

‘शो बोट’ हे या सूचीतले सर्वांत श्रीमंत प्रकरण आहे, त्यामुळे त्यावर जास्त वेळ द्यावा लागला आणि तो दिल्याबद्दल खेद नाही.

१५ नोव्हेंबर १९२७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये पडदा वर गेला तेव्हा नाटक चार तासांहून अधिक चालले आणि प्रेक्षक मध्यरात्र उलटल्यावर बाहेर पडले. २७ डिसेंबरला झीगफेल्ड थिएटरमध्ये शुभारंभ व्हायचा होता, म्हणजे मधल्या सहा आठवड्यांत तास-दीड तासाचा भाग कमी करणे भाग होते. त्या कात्रीत ‘मिझरीज कमिंग अराउंड’ हे समूहगान गेले. नदीवरच्या त्या नाटकाच्या नौकेवर क्वीनी आणि इतर कृष्णवर्णीय कामगार येणाऱ्या अरिष्टाची चाहूल लागल्यासारखे हे गातात. नौकेवरची नायिका ज्यूली ते ऐकून अस्वस्थ होते आणि लगेच पुढच्या प्रवेशात, तिची आई कृष्णवर्णीय होती हे उघडकीला येऊन तिला नौका सोडावी लागते. म्हणजे हे गाणे केवळ वातावरणनिर्मितीसाठी नव्हते, तर पुढच्या आघाताची ती पूर्वसूचना होती.

संगीतकार जेरोम कर्न यांनी ते सहजासहजी सोडले नाही. नाटकाच्या प्रारंभीच्या वाद्यसंगीतात त्याच गाण्याचे सूर त्यांनी कायम ठेवले, आणि १९२८ साली छापलेल्या स्वरलिपीतही गाणे घातले. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे नाटकाच्या सुरुवातीला एक गडद, ओढाळ सुरावट ऐकली आणि ती कुठल्या गाण्याची हे नाटकभर कुठेच उलगडले नाही. हे कळल्यावर सुरुवातीचे संगीत पुन्हा ऐकले, तेव्हा त्यातला पितळी वाद्यांचा पहिलाच प्रवेश निराळा वाटू लागला. आनंदी नाटकाच्या तोंडी इतके जड सूर का, याचे उत्तर गळालेल्या गाण्यात आहे.

सध्या ऐकण्याजोगे मुख्य ध्वनिमुद्रण वाद्यवृंद-संचालक जॉन मॅकग्लिन यांचे आहे. इएमआयने १९८८ साली ते तीन सीडींत काढले. रॉबर्ट रसेल बेनेट यांचे मूळ वाद्यलेखन, पूर्ण गायकवृंद, आणि शेवटी एका परिशिष्टात वगळलेली व नंतरच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेली गाणी, अशी त्याची रचना आहे. ‘मिझरी’ मात्र मॅकग्लिन यांनी परिशिष्टात न टाकता मूळ जागी ठेवले आहे. संपादक म्हणून घेतलेली ही ठाम भूमिका आहे आणि ती योग्य वाटते, कारण पुढच्या प्रवेशाशी जोडून ऐकल्याशिवाय त्या गाण्याचा अर्थच लागत नाही. दिग्दर्शक हॅरोल्ड प्रिन्स यांनी १९९३ साली टोरांटोला केलेल्या आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर आणलेल्या पुनरुज्जीवनातही ते परत घेतले. रंगमंचावरून दीर्घकाळ बाहेर राहिलेले गाणे अशा रीतीने आत आले.

अशी पूर्ण पुनर्रचना शक्य झाली त्याला १९८२ साली लागलेला एक शोध कारणीभूत होता. न्यू जर्सीत सिकॉकस इथे वॉर्नर ब्रदर्सच्या संगीत विभागाच्या गोदामात कर्न, गर्श्विन, पोर्टर, रॉजर्स या संगीतकारांच्या हस्तलिखित स्वरलिपींनी आणि वादकांच्या सुट्या पानांनी भरलेली खोकी सापडली. इतिहासकार रॉबर्ट किंबॉल यांनी त्यांची छाननी केली. त्याआधी या काळातल्या बहुतेक गाण्यांची पियानोवरची प्रत तेवढी हाताशी असे. चाळीस माणसांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेले काय होते, हे या खोक्यांमुळे कळले.

२४ जून २०२५

‘बिल’ आणि ‘द मॅन आय लव्ह’ या दोन गाण्यांनी नियमाचीच परीक्षा घेतली. ‘बिल’ हे पी. जी. वुडहाउस यांनी शब्द लिहिलेले आणि कर्न यांनी चाल दिलेले गाणे १९१८च्या ‘ओ, लेडी! लेडी!!’साठी होते. तिथून ते गळाले, ‘शो बोट’चे गीतकार हॅमरस्टाइन यांनी शब्दांत थोडा फेरफार केला आणि १९२७ साली ‘शो बोट’मध्ये हेलन मॉर्गन हिच्या तोंडी ते अजरामर झाले. गर्श्विन बंधूंचे ‘द मॅन आय लव्ह’ १९२४ साली ‘लेडी, बी गुड!’मधून फिलाडेल्फियाच्या मुक्कामात गेले. १९२७च्या ‘स्ट्राइक अप द बँड’मध्ये ते घातले तर नाटकच न्यूयॉर्कला न पोचता बंद पडले. पुढे नाटकाचा आधार न घेताच ते लोकप्रिय झाले.

अशा गाण्यांची ध्वनिमुद्रणे शेकड्यांनी आहेत. ती सगळी नोंदवायची म्हटली तर सूचीचा जॅझच्या दुकानाचा कॅटलॉग होईल. म्हणून फक्त पहिल्या काही वर्षांतली आणि मूळ नाटकाच्या संदर्भात केलेली ध्वनिमुद्रणे घ्यायची, बाकीच्यांचा उल्लेख एका वाक्यात करायचा.

२ जुलै २०२५

ध्वनिमुद्रणाच्या प्रकाराचा रकाना कसा भरावा यावर आज बराच विचार झाला, आणि माझ्या मते सगळ्या सूचीचा कणा इथेच आहे. एकाच गाण्याची तीन ध्वनिमुद्रणे असतील तर ती तीन निराळ्या गोष्टींची साक्ष देतात.

पहिला प्रकार डेमोचा. संगीतकार स्वतः पियानोवर बसून, बहुधा स्वतःच्याच आवाजात, गाणे टेपवर किंवा तबकडीवर उतरवतो. ते निर्मात्याला, दिग्दर्शकाला, पैसे घालणाऱ्याला ऐकवायचे असते. स्टीफन सॉन्डहाइम यांचे असे डेमो पीएस क्लासिक्स या कंपनीने २००५ साली ‘सॉन्डहाइम सिंग्ज’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यांचा आवाज गायकाचा नाही, वरच्या पट्टीत तो ताणला जातो. पण कुठला शब्द पुढे आणायचा, कुठे क्षणभर थांबायचे, विनोदाचा ठोका नेमका कुठल्या स्वरावर पडायचा, हे त्या टेपवर जितके स्वच्छ ऐकू येते तितके नंतरच्या कसलेल्या गायकांकडून क्वचितच ऐकू येते. ताजे उदाहरण लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे आहे. ‘हॅमिल्टन’मध्ये मंत्रिमंडळातल्या वादांची दोन गाणी आहेत. गुलामगिरीवरचे तिसरे गाणे वगळले गेले आणि त्याचा मिरांडा यांच्या आवाजातला डेमो २०१६च्या ‘हॅमिल्टन मिक्सटेप’मध्ये आला. नाटक पाहिलेल्या माणसाला ते ऐकताना लगेच जाणवते की पहिल्या दोन वादांत कोणी तरी जिंकतो आणि त्यामुळे गोष्ट पुढे जाते, या तिसऱ्यात मात्र विषय सर्वांत मोठा असून गोष्ट जागच्या जागीच राहते.

दुसरा प्रकार लोकप्रिय गायकांच्या रेकॉर्डचा. नाटकाच्या शुभारंभाआधीच प्रकाशक त्यातली गाणी गायकांकडे पाठवत, म्हणजे नाटक उघडेपर्यंत गाणे लोकांच्या कानावर असावे. मधल्या काळात गाणे गळाले तरी रेकॉर्ड बाजारात येतच असे.

तिसरा प्रकार, पुष्कळ वर्षांनी संशोधकाने किंवा हौशी निर्मात्याने मुद्दाम केलेले ध्वनिमुद्रण. आणि चौथा, मॅकग्लिन यांच्यासारखी पूर्ण नाटकाची पुनर्रचना. या चौघांना एकाच रकान्यात ‘उपलब्ध’ एवढेच लिहून ठेवणे म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल करणे होय. तिसऱ्या प्रकारातल्या गाण्याला नवा वाद्यमेळ मिळतो, नवी सुरुवात आणि टाळ्यांसाठी तयार केलेला शेवट मिळतो. बाहेरगावच्या रंगमंचावर ते तसे कधीच वाजलेले नसते.

११ जुलै २०२५

‘जिप्सी’ (१९५९). ‘ममाज टॉकिंग सॉफ्ट’ हे गाणे दुसऱ्या प्रकाराचा उत्तम नमुना निघाला. नाटकातून ते शुभारंभापूर्वीच गेले होते, तरी पेटुला क्लार्कच्या आवाजातली त्याची रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली. गाण्याची कल्पना मोठी नाटकी होती: आई रोझ खाली हर्बीला, म्हणजे मुलींच्या कार्यक्रमांच्या एजंटाला, बोलण्यात गुंतवते आहे आणि तिच्या दोन मुली वरून ते पाहत, आईचा आवाज मऊ झाला की समजावे काही तरी मागायचे आहे, असे एकमेकींना सांगताहेत. ते वगळण्याचे जे कारण सांगितले जाते ते संगीताशी संबंधितच नाही. उंचावर उभे राहून गाण्याची एका बालकलाकार मुलीला भीती वाटत असे. क्लार्कच्या रेकॉर्डमध्ये अर्थातच हा दोन मजल्यांचा खेळ उरत नाही, तिथे ते एक गोड, किंचित खट्याळ गाणे होऊन बसते. २००८च्या पुनरुज्जीवनाच्या सीडीत, ज्यात पॅटी लुपोन रोझ होत्या, वगळलेली गाणी शेवटी जोडलेली आहेत. गटाला दोन्ही ऐकवायचे.

याच नाटकात ‘लिटल लँब’ हे गाणे दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी फिलाडेल्फियाला काढून टाकले होते, आणि संगीतकार ज्यूल स्टाइन यांनी आपले सगळेच संगीत मागे घेण्याची धमकी देऊन ते परत आणले. ते मूळ रेकॉर्डमध्ये आहे, म्हणून सूचीत बसत नाही. टिपणात मात्र ते येईल, कारण हे निर्णय किती अटीतटीने होत याची त्याने कल्पना येते.

२३ जुलै २०२५

‘कंपनी’ आणि ‘फॉलीज’.

‘कंपनी’च्या शेवटी पस्तिशीतला अविवाहित रॉबर्ट काय म्हणणार, यावर १९७० साली गाण्यांमागून गाणी लिहिली आणि टाकली गेली. ‘मॅरी मी अ लिटल’ टाकले, ‘मल्टिट्यूड्स ऑफ एमीज’ टाकले, ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ बॉस्टनच्या प्रयोगांत प्रत्यक्ष गायले गेले आणि मग गेले. त्याच्या जागी ‘बीइंग अलाइव्ह’ आले. निर्माते-दिग्दर्शक हॅरोल्ड प्रिन्स यांना आधीचे गाणे फार कडवट वाटले होते.

११ मार्च १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॉन्डहाइम यांच्या गौरवार्थ झालेल्या कार्यक्रमात लॅरी कर्ट यांनी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ गायले. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आणि मूळ संचाच्या रेकॉर्डमधले ‘बीइंग अलाइव्ह’ आज पाठोपाठ ऐकले. दोन्ही गाण्यांची सुरुवात जवळजवळ त्याच शब्दांनी होते. फार जवळ घेणारे कोणी तरी, फार खोल दुखावणारे कोणी तरी, अशी ती यादी सुरू होते. वगळलेल्या गाण्यात ही यादी म्हणजे आरोपपत्र आहे: हे असले सहन करायचे आणि त्याला सुखी संसार म्हणायचे. चाल घाईची आहे आणि शेवटाला येईपर्यंत गाणारा दार लावून घेतो. नव्या गाण्यात तीच यादी पुन्हा येते, मधून मधून मित्र बोलून त्याला टोचत राहतात, आणि मग एका क्षणी ‘तुम्हाला’ची जागा ‘मला’ घेते. मला कोणी तरी फार जवळ घ्यावे, मला कोणी तरी दुखवावे. तक्रारीची मागणी होते, आणि त्यासाठी यादीतला एकही मुद्दा बदलावा लागत नाही. पहिले गाणे ऐकल्याशिवाय दुसऱ्यातले हे वळण किती कष्टाने मिळवलेले आहे ते कळत नाही. सगळ्या सूचीत यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही.

‘मॅरी मी अ लिटल’चा प्रवास निराळा. क्रेग लुकास आणि नॉर्मन रेने यांनी सॉन्डहाइम यांची वगळलेली व अपरिचित गाणी घेऊन १९८०च्या सुमारास त्याच नावाचा एक दोन पात्री कार्यक्रम रचला, त्याची रेकॉर्ड निघाली, गाणे लोकांना आवडले, आणि पुढे ‘कंपनी’च्या पुनरुज्जीवनांत ते पहिल्या अंकाच्या अखेरीस सन्मानाने परतले. याबद्दल माझे मत थोडे आडवे आहे. पहिल्या अंकाच्या शेवटीच रॉबर्टला ‘थोडेसे लग्न’ हवे असल्याचे कळले तर दुसऱ्या अंकातल्या त्याच्या हट्टातला जोर कमी होतो. गाणे मात्र इतके सुरेख आहे की ते बाहेर ठेवायला कोणाचे मन होत नसावे.

‘फॉलीज’मध्ये (१९७१) बॉस्टनच्या कलोनियल थिएटरमध्ये इव्हॉन डी कार्लो ‘कॅन दॅट बॉय फॉक्सट्रॉट!’ म्हणत असे. ज्याच्यात नाचण्याखेरीज एकही गुण नाही अशा एका पुरुषाचे हे कौतुक आहे. विनोद पहिल्या कडव्यात कळतो, आणि पुढची कडवी तोच विनोद पुन्हा करतात. त्याच्या जागी आलेले ‘आय’म स्टिल हिअर’ एका नटीच्या आयुष्यातली अख्खी चार दशके सांगते. ‘फॉक्सट्रॉट’ पुढे १९७६ साली लंडनच्या ‘साइड बाय साइड बाय सॉन्डहाइम’ या कार्यक्रमात गाजले, आणि तिथे ते शोभते, कारण तिथे एका विनोदाइतकाच वेळ हवा असतो.

याच नाटकाची १९७१ची मूळ रेकॉर्ड कॅपिटॉल कंपनीने एकाच एलपीत कोंबली आणि त्यासाठी राहिलेल्या गाण्यांचीही काटछाट केली. त्यामुळे वगळलेली गाणी ऐकायला १९९८च्या पेपर मिल प्लेहाउसच्या निर्मितीची दोन सीडींची आवृत्ती घ्यावी लागते. तिच्या परिशिष्टात ती एकत्र मिळतात.

३० जुलै २०२५

‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ (१९६२). सुरुवातीला ‘लव्ह इज इन द एअर’ हे नाजूक, गोड गाणे होते. वॉशिंग्टनला प्रेक्षक हसेनात. मदतीला बोलावलेल्या जेरोम रॉबिन्स यांनी पहिल्याच गाण्यात हे धिंगाण्याचे नाटक आहे असे सांगून टाकायला सुचवले, ‘कॉमेडी टुनाइट’ लिहिले गेले आणि बाकीचे तेच विनोद चालू लागले. नोंद छोटी ठेवली आहे, कारण हा किस्सा सर्वत्र सांगितला जातो. वगळलेल्या गाण्याची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात.

८ ऑगस्ट २०२५

संकलनांच्या नोंदी. बेन बॅगली यांनी ‘रिव्हिजिटेड’ या मालिकेत एकेका संगीतकाराची विस्मृत गाणी काढली. रॉजर्स आणि हार्ट, पोर्टर, कर्न असे खंडामागून खंड निघाले, पुढे त्यांच्या स्वतःच्या पेंटेड स्माइल्स या लेबलवर. वगळलेल्या गाण्यांचा शोध घेणाऱ्याला बॅगलींना टाळून पुढे जाता येत नाही, पण त्यांच्यावर विसंबूनही चालत नाही. वाद्यमेळ त्यांच्या स्वतःच्या आवडीचा, गायक बहुधा विनोदी नट, आणि सगळ्यावर एक मिश्किल छटा. १९२५ सालचे गाणे १९६५च्या नाइट क्लबमध्ये गेल्यासारखे वाटते. मूळ गाण्याबद्दल निष्कर्ष काढताना ही छटा वजा करावी लागते.

नव्वदच्या दशकात व्हारेझ साराबांद या कंपनीसाठी ब्रूस किमेल यांनी ‘लॉस्ट इन बॉस्टन’चे खंड काढले. आमच्या विषयाला पूर्णपणे वाहिलेली ही मालिका आहे. इथे सादरीकरण सरळ, गाण्याशी इमान राखणारे आहे. मला तिची अडचण वेगळीच वाटते. एकामागून एक पंधरा-सोळा वगळलेली गाणी ऐकली की प्रत्येक गाणे अन्यायाचे बळी वाटू लागते. ज्या प्रवेशाने त्याला नाकारले तो प्रवेश सीडीवर नसतो.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही. ‘संगीत शाकुंतल’मध्ये (१८८०) दोनशेच्या आसपास पदे होती आणि पुढच्या काळात प्रयोगांत त्यातली किती तरी सोडली जात. छापील पुस्तकात पदे शिल्लक राहिली, वर चालीचा निर्देशही राहिला, पण ध्वनिमुद्रण यायला अजून वीस-बावीस वर्षे होती. ब्रॉडवेच्या या गाण्यांना निदान संगीतकाराचा स्वतःचा आवाज तरी मिळाला.

१९ ऑगस्ट २०२५

एका गाण्याला अनेक नाटके असली तर सूचीत ते कुठे लावायचे, हा प्रश्न ‘बॉइज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी’ने सोडवायला लावला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ते ‘ओक्लाहोमा!’साठी लिहिले. नाटक तेव्हा ‘अवे वी गो!’ या नावाने बाहेरगावी चालू होते. ३१ मार्च १९४३च्या शुभारंभापूर्वी गाणे गेले. मग ‘मीट मी इन सेंट लुइस’ (१९४४) या चित्रपटासाठी जूडी गार्लंडने ते गायले, चित्रीकरणही झाले, आणि चित्रपटातूनही ते कापले गेले. ध्वनिपट्टी तेवढी उरली. फ्रँक सिनात्राच्या १९४९च्या चित्रपटातही तेच घडले. अखेर १९९६ साली ‘स्टेट फेअर’ ब्रॉडवेवर आले तेव्हा गाण्याला जागा मिळाली.

गार्लंडच्या ध्वनिपट्टीत दोष असा काढताच येत नाही. संथ, स्वच्छ, आश्वासक गाणे आहे. जिथे जिथे ते घातले तिथे त्या वेळी गोष्टीला वेग हवा होता, एवढाच त्याचा अपराध. ठरवले: मुख्य नोंद ज्या नाटकासाठी गाणे लिहिले त्याखाली, बाकीच्यांचा फक्त निर्देश.

२७ ऑगस्ट २०२५

‘फिडलर ऑन द रूफ’ (१९६४). डेट्रॉइटला गेलेल्या गाण्यांपैकी ‘व्हेन मसाया कम्स’ सर्वांत महत्त्वाचे. ज्यूंना गाव सोडून जाण्याचा हुकूम आल्यावर नाटकाचा नायक, दूधवाला टेव्हिया गावकऱ्यांना सांगतो की मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, येईल तेव्हा आधी उशीर झाल्याबद्दल क्षमा मागेल, तुम्ही सगळे इतके पांगलात की शोधायला वेळ लागला म्हणेल. सुटे ऐकले तर या गाण्यातला विनोद आणि वेदना एकमेकांना धरून चालतात. नाटकात मात्र हुकूम नुकताच वाचला गेलेला असतो, आणि त्या क्षणी प्रेक्षकाला हसण्याची मुभा स्वतःलाच देता येत नाही. गीतकार शेल्डन हार्निक पुढे स्वतः हे गाणे मैफलींत गात, आणि टेव्हियाची भूमिका केलेले हर्शल बर्नार्डी यांनी आपल्या रेकॉर्डमध्ये ते घेतले. बर्नार्डी यांचे ऐकताना मजा वाटते, कारण तिथे आधी हुकूम नसतो.

५ सप्टेंबर २०२५

चाल वाचली पण शब्द गेले, अशा गाण्यांसाठी वेगळी खूण ठेवली. ‘साउथ पॅसिफिक’मधून (१९४९) बाहेर पडलेल्या एका चालीवर दोन वर्षांनी ‘द किंग अँड आय’मधले ‘गेटिंग टू नो यू’ उभे राहिले. ‘वेस्ट साइड स्टोरी’मधून (१९५७) गळालेल्या ‘मिक्स’ची आक्रमक सुरावट लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९६५च्या ‘चिचेस्टर साम्ज’मध्ये हिब्रू स्तोत्राला दिली. टोळीयुद्धाची चाल गायकवृंदाच्या प्रार्थनेत गेली, आणि ‘राष्ट्रे का खवळतात’ असे विचारणाऱ्या ओळींवर ती इतकी चपखल बसते की मूळ जागा कोणती हे विचारावेसे वाटत नाही. अशा ठिकाणी आमच्या सूचीत ध्वनिमुद्रण नंतरच्या कृतीचेच द्यावे लागेल.

‘साउथ पॅसिफिक’चेच ‘माय गर्ल बॅक होम’ १९५८च्या चित्रपटात आणि २००८च्या लिंकन सेंटरच्या पुनरुज्जीवनात परत आले, तेही याच पानावर लावले.

१४ सप्टेंबर २०२५

पहिल्या बैठकीसाठी निवड झाली. आधी ‘शो बोट’चे प्रारंभीचे संगीत, मग ‘मिझरी’ आणि त्याला लागून असलेला ज्यूलीचा प्रवेश, सगळे मॅकग्लिन यांच्या ध्वनिमुद्रणातून. त्यानंतर ‘ममाज टॉकिंग सॉफ्ट’ दोनदा, आधी पेटुला क्लार्क आणि मग २००८ची सीडी. मध्यंतरानंतर ‘व्हेन मसाया कम्स’, पण आधी टेव्हियाला हुकूम मिळतो तो प्रवेश वाचून दाखवायचा. शेवटी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ आणि ‘बीइंग अलाइव्ह’. या दोन गाण्यांच्या शब्दांचा मराठी सारांश समोरासमोर छापून द्यायचा आहे, म्हणजे ‘तुम्हाला’ आणि ‘मला’ एका ओळीत येतील. गार्लंडची ध्वनिपट्टी दुसऱ्या बैठकीसाठी राखली. ‘लॉस्ट इन बॉस्टन’मधले एकही गाणे पहिल्या बैठकीत घेतलेले नाही. सूचीत ते सर्व खंड आहेत, प्रत्येक गाण्यापुढे मूळ प्रवेशाचे टिपण लिहून झाले की तेही ऐकवता येतील.